गांजा, भांग आणि एमएस: पाय सुटतात आणि डोकं अडकतं का, हे घरी मोजायची रीत

ठाणे स्टेशनात ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर घोषणा होते, पुढची गाडी पनवेल. ती नीट ऐकलेली असते. पण काठी सांभाळत, गर्दीतून वाट काढत डब्यापर्यंत जाईस्तोवर गाडी पनवेलची म्हणाले की वाशीची, हे निसटून जातं. तुर्भ्यानंतर सानपाड्याऐवजी जुईनगर आलं की चूक कळते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मज्जातंतूंच्या आजारात डोक्याचा त्रास बहुतेकदा असाच दिसतो. बुद्धी जागेवर असते. ऐकलेलं हातात धरून ठेवायला आणि त्यावर झटकन निर्णय घ्यायला वेळ लागतो. एमएस असलेल्यांपैकी साधारण ४० ते ६५ टक्के लोकांना हा त्रास कमी-जास्त प्रमाणात होतो.

यातलेच काही जण पायांचा ताठरपणा, रात्रीचे पेटके किंवा जळजळ कमी व्हावी म्हणून गांजा ओढतात, भांगेची गोळी घेतात किंवा विजयाचे, म्हणजे भांगेच्या झाडापासून बनलेल्या आयुर्वेदिक औषधाचे, थेंब जिभेखाली ठेवतात. पंचाईत अशी की टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, एमएसला दुखरी असलेली तीच जागा गाठतो: वेग, लक्ष आणि चालू कामापुरती आठवण. मग डोकं जड झालं की दोष आजाराचा की गांजाचा, हे आठवून सांगता येत नाही. मोजलं तर कळतं.

काय माहीत आहे

टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात अँथनी फाइनस्टाइन यांच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलं आहे. २०११ साली त्यांनी एमएस असलेल्या २५ गांजा वापरणाऱ्यांची आणि २५ न वापरणाऱ्यांची तुलना केली. वापरणारे माहितीच्या वेगात, चालू आठवणीत आणि नियोजनात मागे पडले. पण अशा तुलनेत एक शंका राहतेच. कदाचित ज्यांचा त्रास जास्त तेच गांजाकडे वळत असतील. ती शंका २०१९ च्या अभ्यासाने बरीच कमी केली. वर्षानुवर्षं, आठवड्यातून निदान चार दिवस ओढणारे ४० रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. २० जणांनी ओढणं चालू ठेवलं, २० जणांनी २८ दिवस बंद केलं, आणि खरंच बंद केलं का हे लघवी तपासून पाहिलं. अठ्ठाविसाव्या दिवशी बंद करणाऱ्यांची स्मरणशक्ती, वेग आणि नियोजन स्पष्ट सुधारलं होतं. चालू ठेवणाऱ्यांचं तसं झालं नाही.

कारण समजायला घोडबंदर रोड डोळ्यांसमोर आणा. मुख्य रस्ता खोदलेला असला की गाड्या सर्व्हिस रोडने जातात. वेळ लागतो, पण पोचतात. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण उखडलेलं असतं, म्हणून मेंदू तेच काम करायला आजूबाजूचे जादा भाग कामाला लावतो. टीएचसी ज्या सीबी१ ग्राहींवर (पेशींवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांवर) बसतं ते आठवणीच्या आणि नियोजनाच्या भागांत दाट असतात. म्हणजे सर्व्हिस रोडवरही ट्रक आडवा. निरोगी माणसाला जो डोस सहज खपतो तो एमएसमध्ये जड पडतो, याचं एक कारण हे असावं.

मात्र हे निष्कर्ष रोजच्या ओढणाऱ्यांचे आहेत. होळीला एकदा थंडाई घेणाऱ्याला ते जसेच्या तसे लावू नयेत. तसंच, एमएसच्या ताठरपणासाठी ब्रिटनमध्ये २०१० पासून मंजूर असलेल्या नॅबिक्सिमॉल्स या तोंडात मारायच्या स्प्रेच्या अभ्यासांत डोक्यावर एवढा परिणाम दिसलेला नाही. त्यात दर फवाऱ्याला २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) असतं, दोन फवाऱ्यांत निदान १५ मिनिटांचं अंतर ठेवतात, दिवसाला कमाल १२ फवारे. म्हणजे दिवसभरात विभागून जास्तीत जास्त ३२ मिलिग्रॅमच्या आसपास टीएचसी. आपल्याकडे हा स्प्रे मेडिकलमध्ये मिळत नाही. आणि पुडीतल्या गांजात किंवा भांगेच्या गोळीत टीएचसी किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सगळी गोम तिथेच आहे.

कायद्याचं, थोडक्यात

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. दोन्ही बाळगणं आणि ओढणं गुन्हा आहे. आजाराचं सर्टिफिकेट दाखवून तो टळत नाही. भांग, म्हणजे नुसती पानं, या व्याख्येत येत नाही, पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे तिला परवाना लागतो. कायदेशीर वाट एकच उरते: आयुष परवान्याखाली बनलेलं, वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळणारं विजयाचं औषध. सुपरमार्केटमधलं हेम्पच्या बियांचं तेल हे खाद्यतेल आहे. त्याने पाय सुटणार नाहीत आणि डोकंही फिरणार नाही.

विजयाची बाटली घेतलीत तर लेबल नीट वाचा. '१००० मिलिग्रॅम विजया अर्क' म्हणजे १००० मिलिग्रॅम टीएचसी नव्हे. अर्कात टीएचसी किती आणि सीबीडी किती, हे वेगळं छापलेलं हवं. नसेल तर त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा, तोही मिळाला नाही तर बाटली परत करा. मग हिशोब सोपा आहे. ३० मिलिलिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम टीएचसी असेल, तर १ मिलिलिटरमध्ये १०. तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान पडतो आणि ड्रॉपरागणिक बदलतो. म्हणून १ मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज आणा, तेवढं तेल ड्रॉपरमध्ये घेऊन एकदा थेंब मोजा आणि आकडा बाटलीवर चिकटवा. ३० थेंब भरले तर थेंबाला ०.३३ मिलिग्रॅम.

मोजणीची तयारी

एक दोनशे पानी वही, स्टॉपवॉच असलेला मोबाइल आणि रोज दहा मिनिटं देणारं घरातलं एक माणूस. हे माणूस आवश्यक आहे, कारण डोकं धूसर असताना स्वतःचं धूसरपण नीट दिसत नाही. 'मला काही होत नाही, उलट गांजाने लक्ष लागतं' असं मनापासून सांगणाऱ्याने गॅसवरचं दूध तिसऱ्यांदा उतू घालवलेलं असतं, आणि ते नोंदवतं घरचं माणूस.

वेगाची चाचणी घरी अशी बनते. कागदाच्या माथ्यावर नऊ खुणा काढा: गोल, त्रिकोण, चौकोन, फुली, चांदणी, बाण, अर्धचंद्र, शिडी, लाट. प्रत्येकीखाली १ ते ९ पैकी एक आकडा. त्याखाली याच खुणा उलटसुलट क्रमाने, ओळीत १२ अशा १० ओळी. दृष्टिनाडीला सूज येऊन गेली असेल तर खुणा मोठ्या आणि जाड काढा, लागले तर दोन कागद वापरा. रुग्णाने वरचा तक्ता बघत एकेका खुणेचा आकडा तोंडाने सांगायचा, लिहायचं दुसऱ्याने. हात थरथरत असेल तर लिहिण्यात वेळ जातो आणि मोजणी हाताची होते, डोक्याची नाही. ९० सेकंदांत बरोबर उत्तरं किती, तो त्या दिवसाचा गुण. आकडे बदलून चार वेगळे तक्ते करा, झेरॉक्सवाल्याकडून प्रत्येकाच्या तीन प्रती काढून घ्या आणि आलटूनपालटून वापरा. एकच तक्ता वापरला तर तो पाठ होतो आणि गुण फुकटचे वाढतात.

दवाखान्यात होणारी चाचणी याच धर्तीची, पण प्रमाणित असते. तिच्यात ४ गुणांचा फरक अर्थपूर्ण धरतात. घरच्या कागदाला ते प्रमाण नाही, त्यामुळे तिथले आणि इथले आकडे एकमेकांशी ताडू नका. घरच्या आकड्याची तुलना घरच्याच आकड्याशी.

दुसरी चाचणी शब्दांची. एका मिनिटात भाज्यांची नावं. पुढच्या वेळी प्राणी, मग स्वयंपाकघरातल्या वस्तू, मग गावांची नावं. तिसरी धरून ठेवण्याची. घरच्याने दर दोन सेकंदांना एक आकडा म्हणायचा, रुग्णाने नुकत्याच आलेल्या दोन आकड्यांची बेरीज सांगायची. ३, ५, म्हणजे ८. पुढे ४ आला की ९, कारण ५ आणि ४. आधीच्या उत्तरात मिळवायचं नाही. ही चाचणी वैताग आणते, म्हणून वीस आकड्यांवर थांबा. वाशीपासून ठाण्यापर्यंतची स्टेशनं उलटी म्हणणं वगैरे चाचणी म्हणून कामाचं नाही; तोंडपाठ झालेलं तोंड बोलतं, डोकं नव्हे.

नोंदी सुरू करण्याआधी तीनदा फक्त सराव. ते गुण धरायचे नाहीत, कारण सुरुवातीला सगळ्यांचेच गुण वाढतात.

पायांचं मोजमाप याच्याच शेजारी हवं. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, गेल्या बारा तासांत ताठरपणा ० ते १० मध्ये किती, एवढाच आकडा. त्यासोबत झोपेचे तास, पेटक्याने किती वेळा जाग आली, काय घेतलं आणि किती वाजता. वहीतली एक ओळ अशी दिसेल: 'मंगळवार. ताठरपणा सकाळी ७, रात्री ४. झोप ५ तास, जाग तीनदा. रात्री ९ ला ६ थेंब. खुणा ३८, भाज्या १३, बेरीज १९ पैकी ११. दुपारी लघवीला जळजळ.' शेवटचं वाक्य क्षुल्लक वाटतं, पण बऱ्याचदा तेच कामाचं निघतं. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पायाच्या नखाची जखम, घट्ट बूट, बसून आलेला फोड, यांतलं काहीही ताठरपणा रातोरात वाढवतं. तिथे गांजा वाढवणं म्हणजे आग विझवायच्या ऐवजी घंटा बंद करणं.

वेळ पाळा

पहिले दोन आठवडे जे चालू आहे ते तसंच ठेवून नोंदी करा. डोक्याची चाचणी आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी, दिवसातलं पहिलं घेण्याआधी. नशेत चाचणी केली तर नशाच मोजली जाते. आपल्याला शोधायचं आहे ते उतरल्यावर मागे राहिलेलं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढून दोन-तीन तासांत बराच उतरतो. खाल्लेली भांग अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढते आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकते. 'अजून काहीच होत नाही' म्हणून दुसरी गोळी घेणं ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे त्याला ती बाथरूममध्ये आडवं करते.

चाचणी पंख्याखाली किंवा एसीत, आंघोळीनंतर निदान तासाभराने. अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, याला ऊथॉफचा परिणाम म्हणतात. मे महिन्यात दुपारी पुलाचे जिने चढून घरी आलेल्या माणसाची चाचणी घेतली तर आकडे पडणारच. तो दोष गांजाचा नव्हे, उन्हाचा.

अठ्ठावीस दिवस बंद

यापूर्वी न्यूरोलॉजिस्टना सांगा, आणि खरं सांगा. किती, कशातून, किती दिवस. त्यांना हे दोन कारणांसाठी हवं आहे. एक, गांजा बंद झाला की ताठरपणा उसळू शकतो, तेव्हा बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन या ताठरपणाच्या गोळ्यांचा डोस आधीच ठरवून घ्यावा लागतो. दोन, गांजा तंबाखू मिसळून ओढत असाल तर त्याचा धूर यकृतातलं टिझानिडिन फोडणारं एन्झाइम वाढवतो. ओढणं थांबलं की तीच गोळी रक्तात जास्त साठते: रक्तदाब उतरतो, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, गुंगी वाढते. मग लोक म्हणतात, सोडल्यावर उलट डोकं जड झालं. बॅक्लोफेन मात्र स्वतःच्या मनाने अचानक कधीच बंद करायचं नाही; भास होतात, फिट येऊ शकते.

रोज घेणाऱ्याने दोन आठवड्यांत उतरवावं. आधी दिवसाचं पहिलं घेणं सोडायचं, मग मधलं, रात्रीचं शेवटी. पूर्ण शून्य झालं त्या दिवसापासून २८ मोजायचे. चिडचिड, भूक मरणं, घाम, विचित्र ठसठशीत स्वप्नं आणि झोप न लागणं हे एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात शिगेला पोचतं आणि बहुतेक दोन आठवड्यांत ओसरतं. झोप रुळायला महिना लागू शकतो. म्हणून पहिल्या आठवड्याच्या चाचणीवर निकाल देऊ नका. न झोपलेल्या माणसाचे गुण कमीच येतात. नेमके याच आठवड्यात बरेच जण 'बघा, सोडून काही फरक नाही' म्हणत पुन्हा सुरू करतात.

या दिवसांत ताठरपणासाठी हाताशी काही हवं. पोटरी आणि मांडीची मागची बाजू, प्रत्येक ताण ३० ते ६० सेकंद धरून, झटके न देता, दिवसातून दोनदा. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. फिजिओथेरपिस्टकडून एकदा पद्धत बघून घ्या. यूट्यूबवरचा योग ताठ पायाला कधी उलटा बसतो.

तल्लफ आवरत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला बिचकून लोक तिथली पायरी टाळतात, ते योग्य नाही.

आकडे वाचताना

शेवटच्या दोन चाचण्यांची सरासरी पहिल्या दोन आठवड्यांच्या सरासरीशी लावा. खुणांमध्ये ठळक वाढ, तीही दोन्ही वेळा टिकलेली, आणि बेरजाही सुधारलेल्या, तर डोक्यावरचं काही ओझं गांजाचं होतं असं धरायला हरकत नाही. ताठरपणा मात्र ४ वरून ७ वर गेला असेल तर तोही आकडा तितकाच खरा. वही डॉक्टरांसमोर ठेवा. औषध बदलायचं, ताठ स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा विचार करायचा, की मोजूनमापून रात्रीपुरती विजया ठेवायची, हा निर्णय दोन्ही रकाने बघून होतो. ब्रिटनमध्ये स्प्रेसाठी ठेवलेली अट इथेही वापरण्यासारखी आहे: चार आठवड्यांत ताठरपणाचा आकडा निदान २० टक्क्यांनी उतरला नाही तर बंद. ७ चा ५.५ होत असेल तर फायदा आहे; ७ चा साडेसहा होत असेल तर तुम्ही नशेची किंमत मोजताय, औषधाची नव्हे.

गुण हललेच नाहीत तर बाकीची कारणं तपासा, कारण ती बऱ्याचदा सुटणारी असतात. मूत्राशयासाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन किंवा क्लोनाझेपॅम, जळजळीसाठी प्रिगाबॅलिन; यातलं प्रत्येक डोकं मंद करतं आणि टीएचसीसोबत जास्तच. बी१२, थायरॉइड, नैराश्य आणि घोरणं यांचीही चौकशी करा. सीबीडी जास्त असलेलं तेल घेत असाल आणि एमएससाठी टेरिफ्लुनोमाइड किंवा इंटरफेरॉन चालू असेल, तर यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराच. दोन्हींचा भार एकाच यकृतावर पडतो.

थांबून फोन करायच्या गोष्टी

नवीन अशक्तपणा, बधिरपणा, दुहेरी दिसणं किंवा एका डोळ्याने अंधुक दिसणं २४ तासांहून जास्त टिकलं, तर ते सोडण्याचं किंवा चढण्याचं लक्षण समजू नका. तो एमएसचा झटका असू शकतो, त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टना कळवा. कोणीतरी मागावर आहे असं वाटणं, आवाज ऐकू येणं, तर मानसोपचारतज्ज्ञ, आणि तोवर एक थेंबही नाही. घरात कोणाला सायकोसिस (असा भास-भ्रमाचा आजार) झालेला असेल तर टीएचसीच्या वाटेला मुळातच जाऊ नका.

रोज ओढणाऱ्याला पुन्हापुन्हा उलट्या होत असतील आणि गरम पाण्याच्या शॉवरखाली बरं वाटत असेल, तर तो गांजाचाच एक ओळखीचा त्रास आहे. एमएसवाल्याची इथे दुहेरी कोंडी होते. गरम पाण्याने मळमळ थांबते आणि त्याच पाण्याने पाय लुळे पडतात. बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची ठेवा, कडी आतून लावू नका. आणि उलट्या-उचक्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर गांजावर ढकलून मोकळे होऊ नका. मेंदूच्या खोडातल्या नव्या सुजेनेही असं होतं, ते एमआरआयमध्ये कळतं.

गाडीचं एवढंच: भांग खाल्ल्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळीही पाम बीच रोडवर स्टिअरिंग हातात घ्यायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसोबत अमली पदार्थही येतात. २८ दिवस बंद असताना खुणांचा आकडा वर गेलेला असला, तरी गाडी पुन्हा सुरू करायची ती आधी रिकाम्या रस्त्यावर, शेजारी कोणीतरी बसलेलं असताना.